बॉनेटवरची कड

धारदार कडांची गाडी मला आजही आवडत नाही. कुणी नवी गाडी घेतली की मला मुद्दाम बघायला बोलावतात, म्हणतात, बघा काय लाइनी आहेत, काय कोन काढलेत. मी मान डोलावतो. मनात मात्र एवढंच येतं, की ही पॉलिश करणाऱ्याचं काही खरं नाही. गोल अंगाची गाडी माणसाच्या चुका पोटात घालते. कडांची गाडी घालत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अकोल्यात मोटारींच्या एका कारखान्यात रंग-पॉलिशच्या कामाला होतो. आम्ही माळी. मोर्णा नदीच्या काठी बापाचा मळा होता, त्यात झेंडू, शेवंती आणि घरापुरती वांगी. घरातले सगळे हात पहाटे फुलं तोडण्यात गुंतलेले असायचे. माझं मन त्यात कधी रमलं नाही. बाप टोमणा मारायचा, "फुलं सोडून लोखंड पुसाले चालला." चिडायचो मी, पण त्याचं चुकीचं नव्हतं. पुसायचंच काम होतं ते. माझं लग्न झालं होतं, पाच महिन्यांची मुलगी होती, आणि फुलांच्या टोपलीपेक्षा कारखान्यातल्या कामाचा मला फार अभिमान होता. जरा जास्तच होता.

रंगकामाचे उस्ताद बाळापूरचे. साठीला आलेले, पांढरी दाढी, पांढरा सदरा. दिवसभर रंगात राहूनही त्या सदऱ्यावर एक ठिपका दिसायचा नाही. सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा, मालकसुद्धा. आमच्याकडे एक रीत होती. गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी चाचा तिच्या प्रत्येक कडेवरून, प्रत्येक रेषेवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचे. पुढून मागे, सावकाश. मग म्हणायचे, "गाडी तयार हाय." त्याशिवाय मालक किल्ली द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. काही जण तर नुसता तो अंगठा फिरताना बघायला यायचे.

लोकांना वाटायचं ही उस्तादाची ऐट आहे. ती ऐट नव्हती. चाचांना दिसत नव्हतं.

उजवा डोळा फार वर्षांपूर्वी गेला होता. बाळापूरच्या बाजारात आलेल्या एका फिरत्या वैद्यानं मोतीबिंदू काढतो म्हणून सुई घातली आणि डोळा घालवून तो दुसऱ्या गावी निघून गेला. त्यानंतर डाव्या डोळ्यावरही पडदा येऊ लागला, पण चाचा कुणाला त्या डोळ्याजवळ बोट आणू देईनात. हे मला कळलं ते एका मडगार्डमुळे. त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "हे हिरवं हाय का काळं?" मी हसलो, मला वाटलं थट्टा करतात. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू तिथंच राहिलं.

"मालकाले सांगू नोको," एवढंच ते म्हणाले. घरी चाची आणि विधवा होऊन माहेरी आलेली लेक. कमावता हात हा एकच. रंगाच्या उस्तादाला दिसत नाही हे कळल्यावर कोणता मालक त्याला ठेवील?

तेव्हापासून मी त्यांचे डोळे झालो. रंग मी कालवायचो, ते वासावरून आणि काठीवरून ओघळणाऱ्या धारेवरून पातळ-घट्ट सांगायचे. अंगठा फिरवण्याआधी ते माझ्या कानाशी येऊन विचारायचे, "सगळं बराबर हाय ना?" मी म्हणायचो, "हो चाचा." मग अंगठा. दीड वर्ष आमचं हे बिनबोभाट चाललं. त्या बदल्यात त्यांनी मला जे शिकवलं त्यावर मी पुढे जन्मभर पोट भरलं.

त्यातली पहिली गोष्ट कडेची. गाडीला रंग मारला की तो सपाट जागी बसतो, कडेवर टिकत नाही. चाचा म्हणायचे, "पाणी घराच्या आढ्यावर थांबते का? दोनी बाजूनं उतरते. रंग बी तसाच हाय." म्हणून कडेवर रंगाचा थर सगळ्यात पातळ, आणि घासणाऱ्याचा दाब नेमका तिथंच सगळ्यात जास्त पडतो. कड घासायची तर बोटाला जुन्या धोतराची मऊ चिंधी गुंडाळून, दाब न देता, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

मग मालकांनी मुंबईहून मशीन आणलं. विजेवर फिरणारं, वरवंट्यापेक्षा जड, पुढे मेंढीच्या लोकरीची गोल गादी. पॉलिशचं मलम लावायचं, बटण दाबायचं, की हातानं दोन दिवस लागणारं दार तासाभरात आरसा होऊन जायचं. चाचांनी ते एकदा हातात घेतलं, चालू केलं आणि खाली ठेवलं. "याच्यात बोटाले काई समजत नाई," म्हणाले. मालकांनी मशीन माझ्या हाती दिलं आणि सगळ्यांसमोर बजावलं, "याच्यानं गाडी खराब झाली तर ज्याच्या हाती मशीन, त्यानं घरी जायचं." मला त्या वाक्याची भीती वाटायला हवी होती. मला वाटला मोठेपणा.

मशीन आल्यावर चाचांनी स्वतःची एक तोड काढली. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची आणि वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या गाडीच्या प्रत्येक कडेवर चिकटवायच्या. मशीन पट्टीपर्यंत यायचं, पट्टीवर चढायचं नाही. सगळं अंग झालं की ओल्या फडक्यानं पट्ट्या काढायच्या, आणि कडा चाचा हातानं करायचे. कडा त्यांच्या, मैदान माझं, अशी वाटणी.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला अमरावतीच्या एका वकीलसाहेबांची गाडी आली. परत जाणाऱ्या एका इंग्रज अंमलदाराकडून घेतलेली, काळी, वऱ्हाडच्या उन्हानं राखेसारखी फिकी पडलेली. अशा कडांची गाडी मी तोवर पाहिली नव्हती. बॉनेट कौलारू घरासारखं, मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरतं, आणि त्या आढ्याची कड नाकापासून काचेपर्यंत सरळ गेलेली. मडगार्डांना मोड, दारांवर रेघा. वकीलसाहेब नुकतेच सरकारी वकील नेमले गेले होते, आणि पहिल्या दिवशी कोर्टात ते याच गाडीतून जाणार होते. त्यामुळे दिवस ठरलेला होता.

तीन दिवस मशीन चाललं. काळ्या रंगाखाली जे पाणी दडलं होतं ते हळूहळू वर आलं. तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या, दुपारपर्यंत बाकीच्या कडा चाचांनी हातानं केल्या, आणि बॉनेटच्या मधोमध, जिथं पट्टी होती तिथं, मंद राखाडी रेघ तेवढी राहिली. चाचा दुपारच्या नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "आलो मी. मंग आढं करू."

मी त्या रेघेकडे बघत उभा होतो. एवढीशी तर होती. मशीनची गादी अलगद टेकवली तर चाचा येईपर्यंत निघून जाईल, त्यांचे दोन तास वाचतील. हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मला दाखवायचं होतं की जे काम ते अंगठ्यानं करतात ते मी मशीननं करू शकतो.

गादी टेकवली. काचेकडून पुढे येताना सगळं छान चाललं होतं. निम्म्यात हात एका बाजूला किंचित कलला असावा. मशीन उचललं तर आढ्यावर वीतभर लांब तांबूस रेघ. अस्तराचा, सगळ्यात खालच्या थराचा रंग. आणि तिच्या मधोमध दोऱ्याएवढं पांढरं चकचकीत लोखंड.

मी गाडीवर खोळ टाकली. चाचा आले तेव्हा मी सांगितलं, "आढं मीच केलं चाचा, हातानं. तुमी दमले होते." त्यांनी विचारलं, "मशीन तं नाई लावली?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको मुलीला काजळ घालत होती. आईनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, तुपात कालवलेलं घरचं काजळ. मुलगी डोळे मिटून रडत होती आणि बायकोच्या बोटावर ते काळंभोर चमकत होतं. अगदी त्या गाडीसारखं. कुठल्याही रंगाऱ्याच्या पोराला सुचलं नसतं ते माळ्याच्या पोराला सुचलं. सकाळी निघताना मी ती पितळी डबी खिशात टाकली.

उजाडता उजाडता कारखान्यात जाऊन मी खोळ काढली आणि रेघेवर काजळ भरलं. तांबूस गेलं, पांढरं गेलं. चार पावलं मागे सरून पाहिलं तर मला स्वतःलाच रेघ सापडेना. इतका आनंद झाला, की आज आठवलं तरी लाज वाटते.

गाडी अमरावतीला पोचवायला मालक स्वतः निघाले. शेजारी चाचा, मागे मी; अंगठा या वेळी वकीलसाहेबांसमोरच फिरायचा होता. निघण्याआधी चाचांनी कानाशी येऊन नेहमीसारखं विचारलं, "सगळं बराबर हाय ना?"

"हो चाचा," मी म्हटलं.

मूर्तिजापूर मागे पडलं तसं ऊन चढलं. रस्ता धुळीचा, खालून इंजिनाची आच. काजळ ते, वाळणारं थोडंच. मागच्या सीटवरून मला बॉनेटच्या आढ्यावर एक मातकट रेघ उमटताना दिसू लागली. सगळ्या गाडीवरची धूळ उडून जात होती, तिथली तेवढी चिकटत होती. बडनेऱ्याला मालक चहाला उतरले. मी फडक्यानं गाडी पुसायचं निमित्त केलं, ती माती काढली आणि बोटानं पुन्हा काजळ ओढलं. बोट पंपावर धुतलं, मातीनं घासलं. काजळ काही निघालं नाही.

वकीलसाहेबांचा बंगला कॅम्प भागात होता. पोर्चमध्ये बरीच मंडळी जमली होती, अभिनंदनाला आलेली. गाडी उभी राहिली तसे सगळे वाहवा करत भोवती आले. मालकांची छाती फुगली. म्हणाले, "साहेब, आमच्याकडची रीत हाय. आमच्या उस्तादाचा अंगठा फिरल्याबिगर गाडी देत नाई."

मी हे विसरलो नव्हतो. मी फक्त धरून चाललो होतो, की अंगठ्याला काजळ लागेल आणि ते कुणाच्या लक्षात येणार नाही. माणूस अडचणीत सापडला की काय काय धरून चालतो.

चाचांनी मागच्या मडगार्डापासून सुरुवात केली. दारांच्या रेघा, पुढचे मोड, दुसरी बाजू. मंडळी बघत होती. शेवटी बॉनेट. अंगठा नाकाकडून आढ्यावर चढला, पुढे सरकला, आणि निम्म्यात थांबला. फार नाही, एक श्वासभर. मग तसाच काचेपर्यंत गेला.

"गाडी तयार हाय," चाचा म्हणाले.

ऊन फार होतं. त्यांनी त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसला, मग दाढीवरून हात फिरवला. कपाळावर आडवा काळा पट्टा उठला आणि पांढऱ्या दाढीत दुसरा. कुणीतरी हसलं. चाचांनी ते कौतुकाचं हसणं समजून मान लववली.

वकीलसाहेब हसले नाहीत. ते पुढे झाले, बॉनेटवर वाकले, खिशातून पांढरा रुमाल काढून त्यांनी आढ्यावरून फिरवला. रुमाल काळा झाला आणि वीतभर रेघ उघडी पडली.

"हे काय आहे?" त्यांनी चाचांना विचारलं.

"काय साहेब?" चाचा म्हणाले, आणि बघायला वाकले. जिथं वाकले तिथं काही नव्हतं. रेघ त्यांच्या हातापासून दोन वीत लांब होती.

वकीलच तो. त्यानं खिशातलं घड्याळ काढून चाचांच्या तोंडासमोर धरलं. "किती वाजले, सांगा बरं."

चाचांनी घड्याळ चाचपायला हात पुढे केला.

"आंधळ्याच्या हातात दिली होय माझी गाडी?" वकीलसाहेब मालकांना म्हणाले, तेही शांतपणे.

मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. "आढं कोणी केलं?" त्यांनी विचारलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे.

माझी उजवी मूठ मिटलेली होती. ती मी उघडली असती तर बोट दिसलं असतं. एवढंच करायचं होतं, तोंडानं एक शब्दही काढायची गरज नव्हती. मी मूठ मिटूनच उभा राहिलो.

"कडा माह्याच हातच्या रायतेत," चाचा म्हणाले.

"आन वरतून काजळ फासलं? चाचा, तुमी?" मालक म्हणाले.

काजळ हा शब्द ऐकल्यावर चाचांनी अंगठा नाकाशी नेला. एरंडेलाचा वास लपत नाही. त्यांनी अंगठा खाली घेतला, सदऱ्याला पुसला. त्या सदऱ्यावर मी पाहिलेला तो पहिला डाग. माझ्याकडे त्यांनी तोंड वळवलं नाही.

मालकांनी त्यांना तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आंधळेपण एक वेळ सोसलं असतं, असं ते नंतर कारखान्यात म्हणाले, पण लबाडी नाही. आणि मंडळींना ते पटलंही. चाचांना स्टेशनवर सोडायला कुणी गेलं नाही. वकीलसाहेबांच्या गड्यानं त्यांचा हात धरून फाटकापर्यंत नेलं. तो काळा पट्टा कपाळावर तसाच होता, आणि तो पुसा असं त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्यांच्या जागी मालकांनी मला बसवलं. अंगठा फिरवायची रीत मात्र बंद पडली.

दिवाळीनंतर एकदा मी बाळापूरला गेलो. मधले सगळे महिने जाऊ जाऊ म्हणत काढले होते. बापाच्या मळ्यातली थोडी वांगी बरोबर घेतली, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. किल्ल्याच्या खालच्या गल्लीत घर. चाचा ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळत होते. डावा डोळाही आता पूर्ण गेला होता. दोर चांगला वळत होते, एकसारखा. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"ये. बस," म्हणाले. चाचीनं चहा दिला आणि ती आत गेली. ती माझ्याशी बोलली नाही, म्हणजे तिला कळलेलं होतं, की मला तसं वाटलं, देव जाणे.

मी वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती. ती सगळी फिसकटली. म्हटलं, "चाचा, तुमाले समजलं होतं का? अंगठा थांबला होता."

"समजते ना. रंग सरला तिथं कोर लागते. कागदाएवढी बी नाई, पण लागते."

"मंग तुमी काहून म्हटलं, गाडी तयार हाय?"

त्यांचे हात चालूच होते. "तुले इचारलं होतं मी. तू हो म्हटलं. मले वाटलं, माहा अंगठाच म्हातारा झाला."

मी आणलेली वांगी ओट्याच्या कडेला ठेवली. मग तेच म्हणाले, "त्याच दिवशी सांगतलं असतं तं बारीक ब्रशानं भरून देल्ली असती. सांजेपर्यंत वाळली असती. इतलुसं काम होतं."

"मी मालकाले सांगतो," मी म्हटलं. "अकोल्याले गेलो का सांगतो."

"सांग," चाचा म्हणाले. राग नव्हता त्यात, आशाही नव्हती. दोराचा पीळ हातानं चाचपून त्यांनी पुढचा पेड घेतला. मग विचारलं, "पोरगी केवढी झाली?"

"चालाले लागली आता."

"डोये कसे हायेत तिचे?"

"चांगले हायेत."

"काजळ नोको घालू तिले. बाजारचं बी नोको, घरचं बी नोको. लेकराचे डोये लय नाजूक रायतेत."

"हो चाचा," मी म्हटलं.

घरी आल्याबरोबर मी ती पितळी डबी मोर्णेत टाकली. त्यानंतर माझ्या घरात कुठल्याच लेकराच्या डोळ्यांत काजळ गेलं नाही. बायको आणि आई माझ्याशी भांडल्या, पण मी ऐकलं नाही. मालकांना मात्र मी कधीच सांगितलं नाही.